क्यूडी-ओएलईडी मॉनिटरवर आयझिंग प्रारूप: काही महिन्यांच्या वापरानंतर

२५६० × १४४० पिक्सेलांचा २७ इंची क्यूडी-ओएलईडी मॉनिटर (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा आणि रंगांसाठी क्वांटम डॉट वापरणारा पडदा) मी उन्हाळ्याच्या अखेरीस घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढची बहुतेक निरीक्षणे या जातीच्या पॅनेललाच लागू पडतात. त्यावर दोन कामे चालतात: टीएफटी पिक्सेलच्या (पातळ थरांच्या ट्रान्झिस्टरांवर चालणाऱ्या पिक्सेलच्या) सर्किटांचे सिम्युलेशन आणि सांख्यिकीय भौतिकीतील माँटे कार्लो, म्हणजे यादृच्छिक आकड्यांवर आधारलेली, गणिते.

आयझिंग प्रारूप म्हणजे चुंबकाचे सोपे गणिती रूप: जाळीच्या प्रत्येक बिंदूवर वर किंवा खाली तोंड असलेला एक छोटा चुंबक, म्हणजे स्पिन. द्विमितीय प्रारूपातील प्रत्येक स्पिनला एक पिक्सेल दिला (वर म्हणजे पांढरा, खाली म्हणजे काळा), तर १४४० × १४४० ची जाळी, म्हणजे वीस लाखांहून अधिक स्पिन, पडद्यावर जशीच्या तशी मावते. शास्त्रज्ञ लार्स ऑनसागर यांनी १९४४ मध्ये दिलेल्या अचूक उत्तरानुसार हिचे संक्रमण, म्हणजे बहुतेक स्पिन एका दिशेला वळलेली अवस्था मोडणे, सुमारे २.२६९ या मितिहीन तापमानाला होते. त्याच्या वर निम्मे पिक्सेल पांढरे असतात. खाली उतरल्यावर जाळी पांढऱ्याकडे झुकली, की पॅनेलचा एकूण वीजवापर मर्यादेत ठेवण्यासाठी मॉनिटर स्वतःहून उजेड कमी करतो. म्हणजे चुंबकन (एका दिशेच्या स्पिनांचे आधिक्य) वाढते तसा पांढरा रंग मंदावतो! एकेक स्पिन उलटवणाऱ्या मेट्रोपोलिस पद्धतीत हा बदल सावकाश होत असल्याने खटकत नाही, पण स्पिनांचे समूहच उलटवणाऱ्या वुल्फ पद्धतीत संक्रमणबिंदूजवळ एखादा प्रचंड समूह एका फटक्यात उलटतो आणि सगळा पडदा हिंदकळल्यासारखा वाटतो. उजेड एकसमान ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ती चालू केल्यावर कमाल उजेड घटतो, पण माझ्या कामाला तेच सोयीचे आहे.

शेजारचे स्पिन विरुद्ध दिशेला राहू पाहतात अशा प्रतिलोहचुंबकी प्रारूपाच्या मूलावस्थेत (सर्वात कमी ऊर्जेच्या अवस्थेत), म्हणजे एकाआड एक काळ्या-पांढऱ्या पिक्सेलांच्या मांडणीत, माझा जुना एलसीडी लुकलुकत असे. द्रवस्फटिकावरच्या व्होल्टेजची ध्रुवता दर फ्रेमला उलटवावी लागते आणि शेजारच्या उपपिक्सेलांना (पिक्सेलमधील लाल, हिरव्या, निळ्या भागांना) विरुद्ध ध्रुवता दिलेली असते. नेमक्या या मांडणीत पेटलेल्या सर्व हिरव्या उपपिक्सेलांची ध्रुवता एकच होते आणि समतोल बिघडतो. ओएलईडीत प्रवाह एकाच दिशेने वाहत असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि चित्र स्थिर दिसते.

या तंत्राची खरी परीक्षा गडद करड्या छटांत होते. पिक्सेलला प्रवाह पुरवणारा चालक ट्रान्झिस्टर संपृक्त अवस्थेत असताना प्रवाह हा गेट-सोर्स व्होल्टेज (ट्रान्झिस्टरला दिलेले नियंत्रक व्होल्टेज) आणि उंबरठा व्होल्टेज (ज्याच्या वर ट्रान्झिस्टर सुरू होतो ते) यांच्यातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. फरक १ व्होल्ट असताना उंबरठा ०.१ व्होल्टने सरकला तर प्रवाह १९ टक्के घटतो, फरक ०.३ व्होल्टच असेल, तर तोच सरकाव निम्म्याहून अधिक प्रवाह खातो. हा सरकाव भरून काढणारी भरपाईची यंत्रणा यासाठीच असते, तरीही माझ्या पॅनेलवर अंधाऱ्या खोलीत अगदी गडद करड्यावर पुसट उभे पट्टे जाणवतात, दिवसा नाही.

मराठी मजकुराबाबत मात्र तक्रार आहे. उपपिक्सेलांची मांडणी त्रिकोणी असल्याने शिरोरेषेच्या एका कडेला हिरवट आणि दुसऱ्या कडेला गुलाबी झाक येते. रोमन लिपीपेक्षा देवनागरीत ती अधिक खुपते, कारण आडवी रेष जवळपास प्रत्येक शब्दावर असते. अक्षर मोठे केल्यास त्रास कमी होतो. पुण्यातल्या बाणेरच्या आमच्या घरात पश्चिमेकडच्या खिडकीतून ऊन आत आले, की काळा रंग जांभळट दिसतो; त्यावर जाड पडदा हाच उपाय.

पिक्सेलची देखभाल (झीज भरून काढण्याची प्रक्रिया) मॉनिटर स्टँडबायमध्ये असताना आपोआप चालते. त्यामुळे रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपल्याकडची सवय येथे सोडावी लागते. अजून टास्कबारचा डाग उमटलेला नाही. टास्कबार मी लपवून ठेवतो आणि जेवायला उठताना संक्रमण-तापमानाच्या बऱ्याच वरचे आयझिंग चालू ठेवतो, कारण तेथे प्रत्येक पिक्सेल सरासरी निम्मा वेळ पेटतो आणि झीज सर्वत्र सारखी होते.