म्युनिकचा मार्च: निम्फेनबुर्ग, एंग्लिशर गार्टन, ओलिंपियापार्क की वेस्टपार्क?

एक्स्चेंज सेमिस्टरसाठी म्युनिकला निघालेल्या ज्युनिअर्सचे मेसेज मला फेब्रुवारीपासून यायला लागतात. विमा, खोली, स्वेटर किती घेऊ, कुकर नेऊ का, हे सगळं विचारून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: "मार्चमध्ये पोचतोय, लेक्चर्स एप्रिलच्या मध्यानंतर. तोवर फिरायला कुठे जाऊ?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा यंदा एकदाच नीट लिहितो.

आधी एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे फाल्गुनात फुलं बघायची म्हणजे मान वर करायची. पळस, पांगारा, सावर, सगळे पानं झाडून डोक्यावर पेटलेले. म्युनिकला पोचल्यावर पहिला आठवडाभर मी तसाच वर बघत फिरलो आणि वर नुसत्या काटक्या. इथे वसंत पायाशी सुरू होतो. बीच, ओक, मेपल यांना नीट पालवी फुटायला एप्रिल उजाडतो. तोवर ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं, आणि तेवढ्या काही आठवड्यांत कंदांतून निघणारी चिमुकली फुलं उगवून, फुलून, आपलं काम उरकून घेतात. एकदा वर पानांचं छप्पर झालं की त्यांचा खेळ संपला. म्हणून मार्चमध्ये बाग निवडताना झाडं किती मोठी हे विचारू नका, झाडांखालची जमीन कशी आहे ते विचारा.

या हिशेबाने माझं उत्तर आहे निम्फेनबुर्ग. बाकी सगळे तुम्हाला एंग्लिशर गार्टनला पाठवतील. तिथेही जा, पण घाई करू नका.

गंमत म्हणजे या दोन्ही बागांवर एकाच माणसाचा हात फिरलेला आहे. निम्फेनबुर्गचा राजवाडा 1664 मध्ये सुरू झाला, बाग आधी फ्रेंच पद्धतीची, पट्टी लावून आखलेली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीडरिख लुडविग फॉन स्केल याने मधला सरळ कालवा तसाच ठेवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वळणावळणाच्या वाटा, तळी आणि रान केलं. हेच रान मार्चमध्ये बघण्यासारखं असतं. राजवाड्याच्या मागच्या बाजूने आत शिरलात की कालव्याच्या काठाने सरळ चालत जाऊ नका. सगळे पर्यटक तेच करतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. डावीकडे किंवा उजवीकडे झाडीत वळा. कुजलेल्या तपकिरी पानांतून डोकं वर काढलेलं एक निळं-जांभळं फूल दिसेल, नखाएवढं. त्याला लेबरब्ल्युमशेन म्हणतात, म्हणजे यकृतफूल, कारण पानाचे तीन भाग यकृतासारखे दिसतात. देठावर बारीक लव असते. मी पहिलं फूल बघितलं तेव्हा गुडघ्यावर बसलो होतो आणि जीन्स ओली झाली ती संध्याकाळपर्यंत वाळली नाही. थोड्या दिवसांनी पांढरी अॅनिमोन येतात. ती ढगाळ दिवशी मिटून मान खाली घालतात आणि ऊन आलं की उघडतात, त्यामुळे सकाळी नऊला गेलेला आणि दुपारी एकला गेलेला, दोघांना दोन वेगळ्या बागा दिसतात. दुपारी जा.

निम्फेनबुर्गच्या तीन अडचणी सांगायला हव्यात. एक, आत सायकल चालवता येत नाही. मला हे एका आजीबाईंनी भर वाटेवर छत्री रोखून समजावलं. माझं जर्मन पुण्यात शिकलेलं, पुस्तकी. पण "उतर" एवढं कळायला ते पुरलं. दोन, बागेतले छोटे महाल, अमालियनबुर्ग धरून, हिवाळ्यात बंद असतात आणि एप्रिलमध्ये उघडतात. आतला आरसेमहाल बघायचाच असेल तर ती भेट वेगळी ठेवा. मार्चमध्ये बाहेरूनच समाधान. तीन, संध्याकाळी बागेची दारं बंद होतात, आणि मार्चच्या सुरुवातीला सहालाच अंधारायला लागतं. बाकी बागेला तिकीट नाही. 17 नंबरची ट्राम जवळपास दारात सोडते.

आता एंग्लिशर गार्टन. 1789 मध्ये सुरू झालेली, सुमारे 375 हेक्टर, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपेक्षा मोठी. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एक जोड: ही बाग उभी करायला लावणारा बेंजामिन थॉम्पसन म्हणजे आपल्या फिजिक्सच्या पुस्तकातला काउंट रम्फर्ड. तोफेला भोक पाडताना उष्णता संपतच नाही, म्हणजे उष्णता हा काही पदार्थ नव्हे, हे त्याने याच शहरातल्या तोफखान्यात बघितलं. जन्माने अमेरिकन, बायर्नच्या (बव्हेरियाच्या) इलेक्टरच्या, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या शासकाच्या नोकरीत. पुस्तकात हे वाचताना गाव कुठलं याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

पण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ही बाग म्हणजे मोठमोठी कुरणं, आणि कुरणं म्हणजे चिखल. बर्फ वितळलेलं पाणी गवतात साचून राहतं. वाटा खडीच्या आहेत, त्यांवर ठीक. गवतावर पाय ठेवलात की बूट गेला. माझे कॅनव्हासचे बूट चिनी मनोऱ्याजवळ जे भिजले ते रेडिएटरवर दोन दिवस ठेवावे लागले आणि खोलीला वास सुटला तो वेगळाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्यांनी स्वेटरपेक्षा बुटांवर पैसे घालावेत, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणीही ऐकत नाही.

मग ही बाग कधी? महिनाअखेरीस, ऊन पडलेल्या दिवशी. दोन गोष्टींसाठी. पहिली वासाची. नदीकडच्या ओलसर झाडीतून जाताना एकदम कुणीतरी लसणाची फोडणी दिल्यासारखा घमघमाट येतो. तो बेअरलाउख, अस्वली लसूण. रुंद हिरवी पानं, झाडाखाली गालिचा पसरल्यासारखी. घरापासून इतक्या लांब तो वास आला की पोटात कालवतंच. तरी तोडू नका. त्याच सुमारास लिली ऑफ द व्हॅलीची आणि कॉल्चिकमची पानं निघतात, दिसायला तशीच आणि दोन्ही विषारी. वासावरून ओळखू म्हणाल, तर एक पान चुरलं की तोच वास हाताला लागतो आणि मग प्रत्येक पान लसणासारखंच वाटतं. आठवडी बाजारात जुडी मिळते ती घ्या. घरून नेलेल्या भाजणीत ती बारीक चिरून घातली तर थालीपीठ असं होतं की इटालियन रूममेटने रेसिपी लिहून घेतली.

दुसरी गोष्ट बिअरगार्टन, म्हणजे झाडांखाली उघड्यावर बसून खाण्यापिण्याची जागा. चिनी मनोऱ्याभोवती सुमारे 7,000 माणसं बसतील एवढी बाकं आहेत. (मनोरा 25 मीटर उंच, लाकडी, 1944 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि 1952 मध्ये पुन्हा उभा राहिला.) मार्चमध्ये बारा डिग्री आणि ऊन असं जमून आलं की अर्धं शहर कोट घालून तिथे येऊन बसतं, चेहरा सूर्याकडे, डोळे मिटलेले. आपल्याला उपयोगाची गोष्ट अशी की बायर्नच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, टेबलक्लॉथ नसलेल्या बाकांवर स्वतःचं खाणं उघडून बसता येतं. प्यायचं मात्र तिथलंच घ्यायचं, मग ते नुसतं सफरचंदाचं सरबत असलं तरी चालतं. आमच्या शेजारच्या बाकावर मुळा आणि चीज निघालं, आम्ही मेथीचे ठेपले काढले. कुणी वळूनही बघितलं नाही. सहलीला डबा नेण्यात पुढची-मागची सगळी पिढी गेलेल्या आपल्यासारख्यांना हे शहर इथे आपलंसं वाटतं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून डब्याची तयारी शनिवारीच करा.

जागा थोडक्यात: मोनोप्टेरॉस या खांबांच्या गोल मंडपाच्या टेकाडावरून गावातले मनोरे दिसतात आणि तिथे कायम गर्दी असते. गर्दी नको असेल तर रस्ता ओलांडून उत्तरेच्या भागात जा. तिकडे मैलभर चालताना माणसापेक्षा मेंढ्या जास्त भेटण्याची शक्यता.

ओलिंपियापार्कची तुलना या दोघांशी करू नये असं मला वाटतं, कारण तिथे फुलं बघायला जायचंच नाही. तिथे आकाश बघायला जायचं. 1972 च्या ऑलिंपिकसाठी केलेली ही जागा, आणि तिच्यातली टेकडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या घरांचा राडारोडा. त्यावर माती, मातीवर गवत. आसपासच्या जमिनीपासून पन्नास-साठ मीटर, पर्वती चढणाऱ्याला दम लागणार नाही. पण दक्षिणेला आल्प्स आहेत, आणि ते रोज दिसत नाहीत. ते दिसतात फ्योनच्या दिवशी. आल्प्सच्या पलीकडून वारा चढतो, ओलावा तिकडेच टाकतो आणि इकडच्या उतारावरून कोरडा, उबदार होऊन खाली येतो. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. मार्चमध्ये असा दिवस उगवला की सकाळी खिडकी उघडताच कळतं: काल चार डिग्री होतं आणि आज अचानक सोळा. इथले लोक डोकं दुखतं म्हणून कुरकुरतात. तुम्ही लायब्ररी सोडा आणि यू-3 ही मेट्रो पकडा. 90 किलोमीटरवरचं त्सुगश्पिट्झ, 2,962 मीटरचं, हात लांब केला तर लागेल असं दिसतं. उत्तरेला खाली स्टेडियमचे काचेसारखे दिसणारे तंबू, दक्षिणेला बर्फाची रांग. फुकट. शेजारच्या टॉवरचं तिकीट काढायची मला कधी गरज वाटली नाही.

उतरताना ऑलिंपिक व्हिलेजच्या बाजूने जा. 1972 मध्ये इस्रायलच्या संघावर हल्ला झाला त्याचं स्मारक बागेतच आहे, 2017 मध्ये झालेलं. तिथे अकरा इस्रायली आणि एका जर्मन पोलिसाची आयुष्यं मांडली आहेत. पंधरा मिनिटं काढा. आणि एक दुरुस्ती: आपल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यातलं सुवर्ण म्युनिकला जिंकलं असं मी इथे येणाऱ्या अनेकांकडून ऐकलं. त्या वर्षीचे पॅरालिम्पिक हायडेलबर्गला झाले. ती टेकडी चढून त्यांची आठवण काढायला हरकत नाही, पण स्टेडियम ते नव्हे.

वेस्टपार्कला मी एरवी चौथा नंबर देईन. 1983 च्या आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शनासाठी माती रचून केलेल्या टेकड्या, मधून मोठा हमरस्ता, वरून पादचारी पूल. जुनेपणाचा गंध नाही. पण एका विशिष्ट मनःस्थितीला दुसरी बाग चालत नाही. तिसऱ्या आठवड्यात, नवेपणा ओसरल्यावर आणि मित्र अजून न झालेले असताना, एक रविवार येतो. त्या रविवारी इथे जा. तिथे नेपाळी पॅगोडा आहे, कोरीव लाकडाचा, त्याच्या तिरक्या खांबांवर इतकं बारीक काम की आपल्या वाड्याची चौकट आठवते. थोडं पुढे पाण्यात थाई मंडप आणि त्यात बुद्ध, शेजारी चिनी बाग आणि साप्पोरो शहराने दिलेली जपानी बाग. चेरी फुलायला मात्र साधारण एप्रिल लागतो, इथेही आणि ओलिंपियापार्कच्या तळ्याकाठीही. मार्चमध्ये चेरीच्या आशेने गेलात तर हिरमोड होईल.

इझार नदीचा काठ मी या यादीत धरला नाही. फ्लाउखरचे गोट्यांचे किनारे जूनमधले, मार्चमध्ये तिथे वारा कापून काढतो. अर्धा तास चालायला ठीक.

राहण्याच्या जागेवरूनही ठरवता येईल. खोली श्टुडेंटनश्टाट या विद्यार्थी-वसाहतीत मिळाली तर एंग्लिशर गार्टनचा उत्तर भाग तुमचं अंगणच आहे, तिकडे रोज संध्याकाळी जाल, मग रविवार निम्फेनबुर्गला द्या. ऑलिंपिक व्हिलेजमधल्या विद्यार्थ्यांच्या छोट्या बंगल्यांत असाल तर टेकडीसाठी वेगळा दिवस ठेवू नका. खिडकीतून हवा बघा आणि निघा. फक्त एकच मोकळा दिवस असेल आणि तो ढगाळ असेल, तरी निम्फेनबुर्ग. अॅनिमोन मिटलेली असतील, यकृतफुलं शोधावी लागतील, पण ढगाळ दिवशी एंग्लिशर गार्टन नुसतं ओलं मैदान असतं आणि टेकडीवरून काहीच दिसत नाही.

आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी कुठेही जा, पण लक्षात ठेवा की त्या पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरचं बदलत नाही. संध्याकाळ एकदम पावणेआठपर्यंत लांबते. भारताशी साडेचार तासांचा फरक साडेतीन होतो. मी त्या दिवशी बाकावर बसून रोजच्या वेळेला आईला फोन लावला, तर तिकडून पहिलं वाक्य आलं, "आज लवकर कसा रे? बरं आहे ना सगळं?"