स्ट्रिंगमधली अक्षरं मोजायची कशी: पायथनमधल्या तीन वाटा

एखाद्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रामला दिलेल्या मजकुरात, अक्षरं किती, अंक किती, स्पेस किती आणि बाकीची चिन्हं किती? प्रोग्रामिंग शिकताना हा सराव प्रत्येकाच्या वाट्याला येतो. साध्या इंग्रजी स्ट्रिंगवर कुठल्याही वाटेने गेलं तरी उत्तर तेच, त्यामुळे निवडीचा प्रश्न पडत नाही. म्हणून मराठी स्ट्रिंग घेऊ: ‘घर क्र. १२, पुणे’. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं लांबी मोजणारं फंक्शन लेन तिची लांबी १६ सांगतं.

पहिली वाट इजअल्फा, इजडिजिट आणि इजस्पेसची. चिन्ह अक्षर आहे का, अंक आहे का, स्पेस आहे का, हे ती अनुक्रमे सांगतात. एकेक चिन्ह घेत लूप फिरवा, काउंटर वाढवा, झालं. उत्तर येतं: अक्षरं ६, अंक २, स्पेस ३, इतर ५. पण आपल्याला इतर चिन्हं दोनच दिसतात, टिंब आणि स्वल्पविराम! उरलेली तीन म्हणजे ‘क्र’मधला हलन्त, ‘पु’चा उकार आणि ‘णे’ची मात्रा. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक आणि वर्ग देणाऱ्या मानकाच्या लेखी ती अक्षरं नव्हेत, अक्षराला चिकटणारी चिन्हं आहेत. फॉर्ममधलं नाव इजअल्फाने तपासलंत तर ‘कमल’ पास होते आणि ‘रमा’ नापास. कॉलेजच्या सरावापुरती ही वाट उत्तम. मराठी नावांसाठी मी ती वापरणार नाही. (आकडे पुढे इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात बदलायचे असतील तर इजडिजिटऐवजी इजडेसिमल घ्या. वर्गाचा छोटा २ (²) इजडिजिटला चालतो, इंटला नाही.)

दुसरी रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरात ठरावीक साचा शोधणाऱ्या सूत्राची. कोड एका ओळीत मावतो, पण खड्डे जास्त. शब्दातली अक्षरं-अंक शोधणारं बॅकस्लॅश-डब्ल्यू ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे करतं. त्यावर उपाय म्हणून युनिकोड क्रमांकांचा ०९०० ते ०९७एफ हा अख्खा देवनागरी पट्टा दिलात, तर मोजणी ११ वर जाते, कारण ‘१२’ही त्याच पट्ट्यात येतात. अंक शोधणारं बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकही पकडतं. पिनकोड फक्त इंग्रजी अंकांत हवा असेल तर आस्की फ्लॅग (फक्त मूळ इंग्रजी चिन्हं धरायला सांगणारी खूण) लावायला विसरू नका. ठरावीक साचा तपासायचा असेल तर हीच वाट, निव्वळ मोजणीला नको.

तिसरी पायथनसोबतच येणाऱ्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या कॅटेगरी या फंक्शनची, आणि माझा कल हिच्याकडे. प्रत्येक चिन्हाचा दोन अक्षरी वर्ग मिळतो. त्यातलं पहिलं अक्षर काउंटरला दिलं की अक्षरं ६, जोडचिन्हं ३, अंक २, विरामचिन्हं २, स्पेस ३. बेरीज १६, आणि काना-मात्रा स्वतंत्र. मात्र नवी ओळ आणि टॅब इथे स्पेसमध्ये धरले जात नाहीत, ते ‘सी’ म्हणजे ‘इतर’ वर्गात जातात. ‘दुसर्‍या’सारख्या शब्दात लपलेला जोडक (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) कधीकधी असतो, तोही तिथेच.

वाचणाऱ्याला ‘पुणे’मध्ये ‘पु’ आणि ‘णे’ अशी मात्रांसकट दोन अक्षरं दिसतात, हे मात्र तिन्ही वाटा सांगत नाहीत. त्यासाठी रेजेक्स ही वेगळी लायब्ररी बसवून बॅकस्लॅश-मोठा-एक्स (वाचणाऱ्याला दिसणारं एक अख्खं अक्षर पकडणारी खूण) वापरावा लागतो. तिथेही ‘क्र’ एक की दोन, हे युनिकोडच्या आवृत्तीवर ठरतं: २०२३ च्या १५.१ पासून एक, त्याआधी दोन.