तहसीलबाहेरचं सेतू केंद्र, निराधार योजनेचा फॉर्म भरला, साडेतीन स्टार

आमच्या वहिनीचं संजय गांधी निराधारचं (विधवा, निराधार लोकांना महिन्याला सरकारी पैसे देणारी योजना) प्रकरण इथून केलं. भाऊ गेल्यावर दोन पोरं पदरात आणि चार घरची धुणीभांडी एवढ्यावर चाललंय तिचं. केंद्राचं नाव टाकत नाही, तहसीलच्या बाहेर ओळीनं अशीच दुकानं आहेत आणि बोर्ड पण सगळ्यांचे सारखेच.

आधी चांगलं सांगतो. कॉम्प्युटरवर बसणारी ताई लय हुशार आहे. बाकीकडं आधार हातात पडलं की टाइप करायला सुरुवात, हिनं आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि भावाचा मृत्यू दाखला टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि एकेक नाव बोट ठेवून वाचलं. पासबुकावर वहिनीचं अजून माहेरचं आडनाव! "दादा, हे आधी बँकेत जाऊन बदलून आणा, नाहीतर मंजूर होऊन पण पैसे लटकतील." मग आधार कुठल्या खात्याला लिंक आहे ते विचारलं, कारण आता हे पैसे डीबीटीनं येतात, सरकार थेट बँक खात्यात टाकतं, म्हणजे फॉर्मवर तुम्ही कुठलाही खाते नंबर लिहा, ज्या बँकेत आधार सीडिंग (खात्याला आधार जोडणं) झालंय तिकडंच ते जाणार, आणि वहिनीचं सीडिंग निघालं गॅस सबसिडीसाठी कधीतरी उघडलेल्या खात्याला, जे आता बंद पडलंय. हे आम्हाला कुणीच सांगितलं नसतं. लाडकी बहीणचे पैसे येतात का हे पण विचारून घेतलं, दोन्हीकडं महिन्याला १५०० च आहेत पण दोन्ही एकदम मिळत नाहीत. वहिनीनं तो फॉर्म भरलाच नव्हता म्हणून तिथं काही अडलं नाही.

खरा वैताग उत्पन्नाच्या दाखल्याचा. या योजनेला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला १७५०, आता सांगा एवढ्यात कुठलं घर चालतं? चार घरची भांडी घासणारी बाई सुद्धा कागदावर श्रीमंत ठरायची पाळी. तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलदारांचा दाखला. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणं याला मुदत आहे, भिंतीवर तक्ता पण लावलाय, पण तलाठी जागेवर सापडले तर त्या तक्त्याचा उपयोग. यात केंद्राचा दोष नाही. तसंच फॉर्म गेला म्हणजे पैसे सुरू असं पण नाही हां, तालुक्याच्या समितीची बैठक होते, तिथं प्रकरण मंजूर व्हावं लागतं.

आता दीड स्टार का कापला. दाखल्याचे पैसे पावतीवरच्या रकमेपेक्षा जास्त घेतात, आणि पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. मागितली की लगेच "अहो देतेच की" म्हणून प्रिंट काढली आणि वरचे पैसे पण परत केले, म्हणजे बघा. दुसरं, बाहेर बसणारा एकजण स्टॅम्प पेपर घ्यायला लावतो, घेऊ नका, अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प ड्युटी माफ आहे, साध्या कागदावर चालतं. आत बसायला एकच बाकडं, म्हातारी माणसं पायरीवर टेकलेली असतात, पंखा फक्त कॉम्प्युटरच्या बाजूला. सर्व्हर डाऊन असला की दुपारनंतर या म्हणतात आणि दुपारनंतर पण तेच.

घरून मोबाईलवर 'आपले सरकार' या सरकारी वेबसाईटवर दाखल्याचा अर्ज भरता येतो, मी बसलो होतो भरायला, पण फोटो १६० बाय २०० पिक्सेल, ५ ते २० केबी, कागदपत्रं ७५ ते ५०० केबी, हे साईज जमवता जमवता डोकं फिरतं. जमत असेल त्यांनी घरूनच करा, पैसे वाचतील.

जाणार असाल तर पोरांचे जन्माचे दाखले आणि शाळेचं बोनाफाईड आधीच घेऊन ठेवा, आधारला लिंक असलेला मोबाईल सोबत न्या कारण ओटीपी त्याच्यावरच येतो (शेजारणीचा फोन पोराकडं पुण्यात, ती तशीच माघारी गेली), आणि बाजाराच्या दिवशी चुकून पण जाऊ नका, अख्खा तालुका तिथंच असतो.