भुयारातून नाणेघाटात: ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स काही महिने वापरल्यावर

पावसाळ्यापासून आमचा ठाण्यातला ग्रुप रविवारी दुपारी सोसायटीच्या कमिटी रूममध्ये ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स खेळतोय. हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम: प्रत्येकजण एक पात्र चालवतो आणि धोक्याच्या वेळी फासे निकाल देतात. कोणी नौपाड्यातून, कोणी वर्तकनगरहून, एकजण कळव्याहून येतो. खेळ सगळा मराठीत. हे नियम म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध गेमच्या १९८१च्या आवृत्तीची नीट, सुटसुटीत मांडणी. नाव ऐकलं की भुयार, मशाल, सापळे आणि खजिना एवढंच डोळ्यासमोर येतं. आम्हाला मात्र मोठी कॅम्पेन, म्हणजे तीच पात्रं घेऊन अनेक बैठका चालणारी गोष्ट, हवी होती: शिलाहारांच्या काळासारखं उत्तर कोकण, कल्याणचं बंदर, उल्हास नदी आणि वर नाणेघाटातून जुन्नरकडे जाणारी व्यापाराची वाट. जादू आणि राक्षस आमचे, भूगोल खरा.

काही महिन्यांनंतर माझं ठाम मत झालंय की या नियमांचा जीव घड्याळात आहे. भुयारात एक टर्न, म्हणजे खेळातल्या वेळेचा एक टप्पा, दहा मिनिटांचा. मशाल सहा टर्न जळते, दर दोन टर्नला फासा टाकायचा आणि एक आला तर अंधारातून काहीतरी समोर येतं. म्हणून प्रत्येक दार उघडायच्या आधी टेबलवर चर्चा होते. उघड्यावर आलं की हे घड्याळ ढिलं पडतं. पुस्तकात प्रवासाचा हिशेब दिवसावर आहे, त्यामुळे 'चाललो, पोचलो' असं होतं.

त्यावर आम्ही पहर आणला. दिवसाचे चार पहर, प्रत्येक तीन तासांचा. ओझं नसलेला माणूस सपाटीवर दिवसाला २४ मैल चालतो आणि आमच्या नकाशावर एक हेक्स (षटकोनी घर) सहा मैलांचा, म्हणजे एका पहराला बरोबर एक हेक्स! जंगलात वेग दोन-तृतीयांश, त्यामुळे दीड पहर. डोंगरात निम्मा, म्हणजे दोन पहर. हे गणित इतकं चपखल बसलं की आता टेबलवर कोणी मैल विचारतच नाही. 'दुसऱ्या पहरापर्यंत घाटाच्या पायथ्याशी पोचू का?' एवढंच विचारतात.

फासा आता दर पहराला टाकतो. सहात एक म्हटलं तरी चार पहरांत निम्म्याहून जास्त दिवशी काहीतरी घडणारच, म्हणून काय घडतं ते ठरवणाऱ्या कोष्टकातल्या सहा नोंदींपैकी दोनच जिवंत प्राण्या-माणसांच्या ठेवल्या. बाकी माग, धूर, विझलेली चूल, वाहून गेलेला साकव. मशालीची जागा शिधा आणि खेचरांनी घेतली. सहा दिवस चाललं की एक दिवस विश्रांती हा नियम पुस्तकातलाच, तो तसाच ठेवा. त्यामुळेच वाटेतल्या गावांत मुक्काम पडतो आणि गावांतच गोष्टी सुरू होतात.

दुसरा मोठा बदल एक्सपीचा, म्हणजे पात्राला वरच्या लेव्हलला नेणाऱ्या अनुभवाच्या गुणांचा. मूळ नियमात बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला एक एक्सपी. भुयारासाठी ही उत्तम कल्पना आहे, कारण लढाई टाळून खजिना आणणारा शहाणा ठरतो. पण दोन गावांतलं पाण्याचं भांडण मिटवणाऱ्याला त्यात काहीच मिळत नाही. आम्ही ठरवलं की सोनं मिळाल्यावर नाही, मागे काहीतरी राहील असं खर्च केल्यावर एक्सपी. आमच्या मॅजिक-यूजरने (जादूगार पात्राने) सहाशे नाणी एका तळ्याच्या पायऱ्या बांधायला दिली. तिला दुसऱ्या लेव्हलला २,५०० लागतात, म्हणजे जवळजवळ पाव वाटा एका झटक्यात. त्यानंतर त्या गावातून निरोप येऊ लागले, आणि पुढच्या तीन मोहिमा त्या निरोपांतूनच निघाल्या. मला डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून काही रचावंच लागलं नाही.

रिअ‍ॅक्शन रोलला, म्हणजे भेटलेला समोरचा कसा वागेल ते ठरवणाऱ्या फाशांना, मात्र कोणी हात लावू नये. दोन फासे, त्यात बोलणाऱ्या पात्राच्या करिष्म्याच्या आकड्यामुळे पडणारा फरक, आणि समोरच्याचा कल ठरतो. घाटात जकातवाल्यांनी अडवलं तेव्हा आमचा फायटर (लढवय्या) तलवारीला हात घालत होता. शेजारचा म्हणाला, "अरे दादा, आधी विचारून तर बघू!" फाशांवर आठ आलं, म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. मग तांदळाचं एक पोतं आणि जुन्नरला पत्र पोचवायचं कबूल करून वाट मिळाली. ते पत्र पुढे कोणाच्या हातात पडलं यावर आमचे दोन रविवार गेले. दरबारासाठी, बाजारासाठी वेगळे नियम लिहायची गरज मला तरी अजून पडलेली नाही.

मरण आम्ही थोडं सैल केलं. पात्राचे हिट पॉइंट्स (जीव मोजायचा आकडा) शून्यावर आले की लगेच मेला असं न धरता मरणाविरुद्धचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे वाचायची एक शेवटची फाशाची संधी, देतो. तो जमला तर एक पहर बेशुद्ध आणि अंगावर कायमची एक खूण. लांबच्या कॅम्पेनमध्ये पात्रांची नाती जमतात, तिथे हे हवंच. चोर या प्रकारच्या पात्राची कौशल्यं सुरुवातीला फार कमी टक्क्यांची आहेत. तिथे खेळाडू नेमकं काय करतोय ते तोंडाने सांगू द्या, फासा शेवटी.

घेण्याआधी बघायचं असेल तर बेसिक रूल्सची पीडीएफ फुकट मिळते. मात्र ती सुरुवातीपुरतीच आहे, पूर्ण नियमांसाठी मोठं पुस्तकच लागेल. सुरुवातीला फक्त पहर लावा, चार-पाच सेशन होऊ द्या आणि मगच एक्सपीला हात घाला. दोन्ही एकदम बदललं तर टेबलवर कशाने काय फरक पडला ते कळत नाही.