नारिंगी करेक्टर : डबीचा तळ दिसेपर्यंत वापरल्यावर

काल सकाळी करेक्टरच्या डबीत बोट फिरवलं तर मधोमध पत्र्याचा चकचकीत ठिपका दिसला. घेऊन नऊ महिने झाले. तळापर्यंत वापरलेल्या वस्तूबद्दल नीट सांगता येतं, म्हणून आज लिहायला बसले.

वस्तू साधी आहे. दाढीची निळसर झाक लपवण्यासाठी फाउंडेशनच्या आधी लावायचं नारिंगी क्रीम. चपटी गोल डबी, त्यात घट्ट मेणासारखा रंग. कंपनीचं नाव देत नाही, कारण असं क्रीम बऱ्याच कंपन्या बनवतात आणि मला सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू पडतं.

मी क्रॉसड्रेसर आहे, म्हणजे पुरुष असून बायकांचे कपडे घालून नटणारी. आठवड्यातले सहा दिवस मी ‘जातो, येतो’, रविवारी ‘जाते, येते’. हे लिखाण रविवारचं. वय ४१, केस काळेभोर, दाढी दाट, कातडी गव्हाळ. एवढं सांगायचं कारण, या क्रीमचं सगळं गणित त्यावरच बसतं.

दाढी कितीही घोटून केली तरी ब्लेड केस कातडीच्या पातळीला कापतं. आतलं काळं मूळ तसंच राहतं आणि कातडीतून ते निळसर-राखाडी दिसतं. त्यावर नुसतं फाउंडेशन लावलं की हनुवटी राखेसारखी, आजाऱ्यासारखी दिसते. माझं पहिलं दीड वर्ष यातच गेलं. झाक दिसली की आणखी एक थर, तरी दिसली की आणखी एक. शेवटी चेहऱ्याचा मुखवटा व्हायचा आणि खालून निळं डोकावायचंच. सगळं पुसून टाकायचं, कपडे घडी करून कपाटात मागे ठेवायचे आणि गप्प झोपून जायचं, अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. माझा चेहराच या गोष्टीसाठी नाही, असं मी धरून चालले होते.

खरं तर उत्तर रोज माझ्या हाताखालून जात होतं. दिवसा मी छपाईचं ऑफसेट मशीन चालवतो, आणि इथे ‘चालवतो’च बरोबर आहे. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी येतो, आणि समोरासमोरचे रंग एकमेकांत मिसळले की एकमेकांना मारतात. मशीनवर हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. स्वतःच्या हनुवटीकडे मात्र त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. नारिंगी क्रीम आधी लावून निळा मारायचा, मग त्या मवाळ झालेल्या जागेवर फाउंडेशनचा पातळ हात पुरतो.

छटा निवडताना चुकू नका. गोऱ्या कातडीला पीच म्हणजे फिकट नारिंगी चालतो, गव्हाळीला नारिंगी, आणि गडद कातडीला लालसर नारिंगी लागतो. मी आधी एका ठिकाणाहून पीच आणला होता, विकणाऱ्यानं ‘सगळ्यांना चालतो’ म्हणून दिला. माझ्या दाढीवर तो निळ्यासोबत राखाडीच झाला.

योग्य छटा मिळाल्यावरही पहिला महिना वाईट गेला. मी क्रीम घासून लावत होते आणि भरपूर लावत होते. फाउंडेशन वर आलं की दोन्ही मिसळून जबड्यावर विटकरी पट्टा उमटायचा. पुन्हा मशीन आठवलं. शाईचा थर जाड पडला तर ती लवकर सुकत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. तेव्हापासून क्रीम कमी केलं. आता अख्ख्या दाढीला मुगाच्या दाण्याएवढं पुरतं. अनामिकेच्या टोकावर घ्यायचं, अंगठ्यानं चार वेळा मळायचं म्हणजे बोटाच्या उबेनं ते मऊ होतं, आणि मग थोपटत जायचं. ओढायचं नाही. निळं जिथे सर्वांत गडद, तिथून सुरुवात करून कडेला विरळ करत न्यायचं. मग दोन मिनिटं थांबायचं. फाउंडेशन ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजनं दाबून लावायचं, वर पावडर, तीही दाबून.

सरावाला मी एक पद्धत लावून घेतली होती. कामावरून आल्यावर दाढी करायची आणि फक्त डाव्या जबड्यावर मेकअप करायचा, उजवा तसाच ठेवायचा. आरशात दोन्ही बाजू शेजारीशेजारी दिसल्या की कुठे चुकतंय ते लगेच कळतं. मग धुऊन टाकायचं. कपडे नाहीत, विग नाही, नुसता हात बसवायचा. वहीत लिहून ठेवायचे: दाढी किती वाजता केली, किती वेळ थांबले, किती तास टिकलं. त्या वहीमुळे कळलं की दाढीनंतर लगेच लावलं तर कातडी चुरचुरते आणि लाल होते, वीस मिनिटं थांबलं तर नाही. गरम पाण्यानं केस मऊ करून आधी केसांच्या दिशेनं ब्लेड फिरवलं की पुळ्याही कमी येतात.

बायकोला मी हे सगळं लग्नाच्या सातव्या वर्षी सांगितलं. ती रागावली नाही, पण बघायलाही यायची नाही. मी तयार होत असले की पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज जरा वाढायचा. करेक्टर आणल्याला पाच महिने झाले असतील, एका रविवारी ती दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘अगं, कानाखाली राहिलंय.’ एरवी ती मला ‘अरे’ म्हणते. मी क्रीमचं बोट तसंच हवेत धरून बसले होते. तिनं पुढे येऊन माझी हनुवटी उजेडाकडे वळवली आणि जागा दाखवली.

कानाखाली खरंच राहिलं होतं. कल्ले संपतात तिथून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंतची पट्टी समोरच्या आरशात दिसतच नाही. हातात छोटा आरसा धरून दोन्ही बाजू बघाव्यात, गळ्याच्या घाटीपर्यंत.

आता तक्रारी. वरच्या ओठावर हे क्रीम चार तासांच्या पुढे टिकत नाही. बोलताना ओठ हलतात, घाम येतो, आणि नारिंगी कडा वर यायला लागते. तिथे मी क्रीम आणखी पातळ लावते, पावडर दोनदा दाबते, तरी पर्समध्ये टिश्यू आणि पावडर लागतेच. शिवाय दाढी दिवसाला साधारण ०.४ मिलिमीटर वाढते, म्हणजे सकाळी केलेली दाढी संध्याकाळी हाताला टोचू लागते. रंग झाकला जातो, खरखर नाही. बाहेर जायचं असेल तर दाढी निघायच्या आधीच करावी. क्रीमला सुगंध आहे, ताज्या दाढीवर तो नको होता. झाकणाला तिसऱ्या महिन्यात तडा गेला, तेव्हापासून रबर बँड लावून ठेवते.

काढताना मात्र घाई करू नये. नुसत्या फेसवॉशनं हे मेण निघत नाही आणि घासलं की कातडी सोलवटते. आधी तेल किंवा क्लेन्झिंग बाम चोळून विरघळवायचं, पुसायचं, मग फेसवॉश.

पाचपैकी चार तारे देईन. एक वरच्या ओठाचा आणि झाकणाचा गेला.

ज्यांच्या दाढीचे केस भुरे किंवा विरळ आहेत त्यांना याची गरज पडणार नाही, पातळ फाउंडेशनवर भागेल. बाकीच्यांनी पहिल्यांदा घेताना कानामागे थोडंसं लावून एक दिवस वाट बघावी. आणि डबीच्या मागे उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात १२ लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने वापरता येतं. माझी नऊ महिन्यांत संपली. दुसरी मागवलीय, याच छटेची. पुढच्या रविवारपर्यंत यायला हवी.