लोपा करून देणारी अंधेरीची सल्लागार सेवा: हिशेब चोख, पण मूळ प्रश्न राहिला

हॅझॉप (प्रक्रियेत काय काय बिघडू शकतं याची पद्धतशीर तपासणी) झाला की शिफारशींची लांबलचक यादी हातात पडते आणि कशावर आधी पैसे घालायचे ते ठरत नाही. तिथे लोपा, म्हणजे अपघात रोखणाऱ्या थरांचा आकड्यांत मांडलेला हिशेब, उपयोगी पडतो. अंधेरी पूर्वेतल्या एका सल्लागार कंपनीची ही सेवा चेंबूरच्या बाजूच्या एका बॅच रिअॅक्टरसाठी (एका वेळी एक घाणा काढणाऱ्या रासायनिक भांड्यासाठी) घेतलेली आहे. प्रक्रिया उष्णता सोडणारी, एक कच्चा माल हळूहळू डोस करायचा.

जमेची मोठी बाजू म्हणजे संरक्षणाचे थर मोजताना त्यांनी अजिबात सवलत दिली नाही. थंड पाणी बंद पडणं वर्षाला ०.१, म्हणजे दहा वर्षांतून एकदा धरलं. जुन्या कागदावर पुढे तीन थर होते, प्रत्येकासमोर गरजेच्या वेळी तो निकामी ठरण्याची शक्यता: अलार्म ऐकून ऑपरेटरने केलेली कृती ०.१, डोसिंगचा व्हॉल्व आपोआप बंद होणं ०.१, रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून वाट देणारी चकती) ०.०१. गुणाकार लाख वर्षांत एकदा येतो, कंपनीची मर्यादाही तेवढीच. या मंडळींनी लूप ड्रॉइंग (उपकरणांच्या जोडणीचा नकाशा) मागवलं, तर अलार्म आणि व्हॉल्व दोन्ही एकाच आरटीडीवर (तापमानाच्या सेन्सरवर) आणि एकाच डीसीएसवर (नियंत्रण संगणकावर). आरटीडीने चुकीचं तापमान दाखवलं की दोन्ही थर एकदम गेले. म्हणून दोघांना मिळून एकच ०.१ दिला आणि धोका मर्यादेच्या दहापट निघाला. रप्चर डिस्कचंही तसंच: वाफेबरोबर फेस आणि द्रव उसळतो हे धरून ती मापलेली आहे का, सुटलेला माल कॅच टँकमध्ये जातो का, हे तपासल्याशिवाय ०.०१ दिला नाही. भिंतीला लागून वस्ती असलेल्या मुंबईत हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे.

कमी पडले ते उपायात. अहवाल थेट स्वतंत्र सिल-१ इंटरलॉकवर उडी मारतो, म्हणजे धोका दिसताच आपोआप प्रक्रिया थांबवणाऱ्या आणि निकामी ठरण्याची शक्यता ०.१ च्या आत असलेल्या यंत्रणेवर. आधी विचारायला हवं होतं की न झालेल्या प्रक्रियेचा माल रिअॅक्टरमध्ये साचतोच किती? डोसिंगच्या लाइनमध्ये छोटा ऑरिफिस (प्रवाह आवळणारं बारीक छिद्र) बसवला आणि डोसिंगची वरची टाकी लहान केली, तर पाणी गेलं तरी उरलेली उष्णता मर्यादेत राहू शकते. मात्र अॅजिटेटर (ढवळणारं यंत्र) थांबला किंवा तापमान फार खाली गेलं, तर हळू डोस करूनही माल साचतो आणि ढवळणं परत सुरू होताच सगळा एकदम पेटून उठतो. त्यामुळे अॅजिटेटर चालू आणि किमान तापमान या दोन अटींशिवाय डोसिंग सुरू होता कामा नये. यासाठी कॅलोरिमेट्रीची, म्हणजे प्रक्रियेत सुटणारी उष्णता मोजण्याच्या चाचणीची, आकडेवारी लागते. ती त्यांनी मागितलीच नाही, हा माझ्या मते सेवेतला सर्वांत गंभीर दोष.

दुसरी उणीव प्रूफ टेस्टची, म्हणजे इंटरलॉक खरंच चालतो का याच्या तपासणीची. ‘ठरावीक काळाने’ एवढंच लिहिलंय. लपून राहणारा बिघाड वर्षाला ०.०५ असेल, तर वर्षातून एकदा तपासणी केल्यास निकामी ठरण्याची सरासरी शक्यता ०.०२५ येते, पाच वर्षांनी केली तर ०.१२५, म्हणजे सिल-१ सुद्धा हातचा गेला. खारी हवा आणि पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये शिरणारं पाणी बघता तपासणी पावसाळा संपल्यावर लावावी.

सेवा घ्यावी, पण वर्क ऑर्डरमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: कॅलोरिमेट्रीचा आढावा, प्रत्येक इंटरलॉकसाठी प्रूफ टेस्टचा काळ आणि पद्धत, आणि चर्चेला पाळीतला ऑपरेटर व इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन पूर्ण वेळ. कुठला इंटरलॉक बायपासवर (तात्पुरता निष्क्रिय करून) चालतोय हे त्या दोघांनाच ठाऊक असतं.