पॉन कंपायलर कमांड लाइनवरून: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

जीटीए सॅन अँड्रियासच्या मल्टिप्लेअर सर्व्हरसाठी गेममोड (सर्व्हरवरच्या खेळाचे नियम ठरवणारी स्क्रिप्ट) लिहिणाऱ्यांचा पॉन भाषेच्या कंपायलरशी, म्हणजे कोडवरून सर्व्हरला चालेल अशी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामशी, रोजचा संबंध येतो. तरी त्याला कमांड लाइनवर काय काय सांगता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पॉनो हा एडिटर उघडायचा, कंपाइल दाबायचं, खाली एरर नाही ना एवढं बघायचं, झालं. वॉर्निंग कुणी वाचत नाही. मी गेले बरेच महिने पॉनो बाजूला ठेवून ३.१० मालिकेतला कंपायलर थेट टर्मिनलवरून वापरतेय. आमच्या सर्व्हरचा गेममोड जुना आहे, अनेक हातांतून गेलेला आहे, आणि त्याच्यावर हा कंपायलर रोज चालतो. त्यातून जे मत झालं ते सविस्तर लिहिते.

पॉन ही भाषा नेदरलँड्समधल्या कॉम्प्युफेजचे थियाडमर रीमर्स्मा यांची, आधी तिचं नाव स्मॉल होतं. सॅम्प या सॅन अँड्रियासच्या मल्टिप्लेअर मोडच्या पॅकेजमध्ये येणारा कंपायलर ३.२.३६६४ आवृत्तीचा होता आणि तो तिथेच थांबला. पुढे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनीच त्याचे बग काढत ३.१० मालिका उभी केली. सॅम्पच्या जागी आलेला नवा सर्व्हर, ओपन एमपी, वापरणाऱ्यांना याच मालिकेतला कंपायलर मिळतो.

वॉर्निंगकडे वळण्याआधी भाषेचा एक गुण सांगायलाच हवा, कारण सगळं त्यावर उभं आहे. पॉनमध्ये डेटाचा प्रकार एकच: ३२ बिटांचा सेल. पूर्णांक, दशांश, अक्षर, सगळं त्याच सेलमध्ये बसतं. अमुक सेलमध्ये दशांश आहे हे फक्त टॅग सांगतो, आणि तो टॅग फक्त कंपायलरला दिसतो. सर्व्हर चालताना टॅग नावाची गोष्टच नसते. त्यामुळे दुसऱ्या भाषांत जी सरळ एरर झाली असती, ती इथे वॉर्निंग म्हणून येते आणि फाइल तरीही तयार होते. पॉनमधली वॉर्निंग बऱ्याचदा एररच्याच तोलाची असते असं मी म्हणते ते यासाठी.

आमच्या गेममोडमधलंच उदाहरण देते. जखमी खेळाडूला मदतीचा मेसेज दाखवायचा होता. आरोग्य २० च्या खाली गेलं की मेसेज यावा. व्हेरिएबल फ्लोट (दशांश) टॅगशिवाय घेतलेलं, ते आरोग्य वाचणाऱ्या गेटप्लेअरहेल्थ फंक्शनला दिलेलं, आणि पुढे साधी तुलना: २० पेक्षा कमी आहे का? कंपायलर त्या ओळीवर वॉर्निंग २१३ देत होता, टॅग मिसमॅच. फाइल तयार होत होती, सर्व्हर चालत होता, मेसेज मात्र कधीच येत नव्हता. कारण सोपं आहे. गेटप्लेअरहेल्थ त्या सेलमध्ये दशांशाचे बिट ठेवतो. १००.० चे बिट पूर्णांक म्हणून वाचले तर आकडा येतो १,१२०,४०३,४५६. आणि खेळाडू मरायला टेकला, आरोग्य ५.० उरलं, तरी पूर्णांक म्हणून ते १,०८४,२२७,५८४ च. हा आकडा २० च्या खाली येणार कसा? व्हेरिएबलच्या आधी फ्लोट टॅग लावला आणि काम झालं. तुलनेची ओळ बदलावीही लागली नाही, कारण फ्लोट इन्क्लुडमध्ये (कोडला जोडायच्या तयार फाइलमध्ये) त्या तुलनेचा ऑपरेटर आधीच आहे. या एका प्रकारापायी मी २१३ ला कुठल्याही प्रोजेक्टमध्ये दाबू देत नाही.

दुसरी माझ्या जिव्हाळ्याची वॉर्निंग २३५: पब्लिक फंक्शनला (सर्व्हर ज्याला नावाने हाक मारू शकतो त्याला) फॉरवर्ड डिक्लरेशन, म्हणजे त्याचं नाव आधी जाहीर करणारी ओळ, नाही. बहुतेकांना ही निव्वळ कटकट वाटते. टायमरसाठी फंक्शन लिहिलं की वर एक फॉरवर्डची ओळ टाकायची, एवढाच तिचा अर्थ लोक घेतात. पण सर्व्हरचे सगळे कॉलबॅक (एखादी घटना घडली की सर्व्हर ज्यांना हाक मारतो ती फंक्शनं) इन्क्लुड फाइलमध्ये आधीच फॉरवर्ड केलेले असतात. म्हणजे ऑनप्लेअरकनेक्ट तुम्ही बरोबर लिहिलं तर २३५ येणारच नाही. ती आली, तर त्या नावाचा कॉलबॅक सर्व्हरला माहीत नाही, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर गळलंय. असं फंक्शन कधीच हाक न मारता पडून राहतं आणि लॉगमध्ये त्याचा मागमूसही नसतो. आमच्या मोडमध्ये नेमकं हेच झालेलं होतं: खेळाडू बाहेर पडताना त्याची माहिती साठवणाऱ्या कॉलबॅकचं स्पेलिंग चुकलेलं, आणि कुणीतरी वॉर्निंग घालवायला त्या चुकलेल्या नावाचंच फॉरवर्ड लिहून ठेवलेलं. वॉर्निंग गेली, माहिती साठणं मात्र बंदच. २३५ दिसली की हात आधी स्पेलिंगकडे जायला हवा, फॉरवर्डकडे नंतर.

२१७, म्हणजे लूज इंडेंटेशन (ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा जुळत नाही), ही सगळ्यांत बदनाम. तिच्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे फाइलच्या डोक्यावर प्राग्मा टॅबसाइझ शून्य, ही तपासणीच बंद करणारी सूचना. तो कितीतरी तयार मोडमध्ये पहिल्या दहा ओळींत सापडतो. मला तो पाहवत नाही. समजा इफच्या खाली कंस न घालता दोन ओळी लिहिल्या: ‘पैसे कमी आहेत’ हा मेसेज आणि रिटर्न. डोळ्यांना दोन्ही इफच्या आत दिसतात, पण इफ फक्त पहिलीला लागू आहे. रिटर्न प्रत्येक वेळी होतं आणि पुढची खरेदी कुणालाच करता येत नाही. ३.१० त्या रिटर्नवर २१७ देतो आणि त्याच्या पुढच्या ओळीवर २२५, अनरीचेबल कोड. टॅबसाइझ शून्य केलं की पहिला इशारा गेला. उरलेली २२५ शंभर इतर वॉर्निंगच्या गर्दीत कोण शोधणार? स्पेस आणि टॅबची सरमिसळ एकदा एडिटरमधून साफ केली की २१७ पुन्हा खऱ्या कारणासाठीच येते.

आता ऑप्शन. माझ्या कमांडमध्ये तीन कायम असतात: -;+, -(+ आणि -डी३. पॉनमध्ये ओळीच्या शेवटी अर्धविराम ऐच्छिक आहे आणि काही ठिकाणी फंक्शनचा कंसही ऐच्छिक आहे. पहिल्या दोन ऑप्शनने दोन्ही सक्तीचे होतात. एकाहून जास्त माणसं हात घालतात त्या कोडला ही सक्ती हवीच. लिनक्सवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड लाइनमध्ये) अर्धविरामाने कमांड संपते आणि उघडा कंस ही सिंटॅक्स एरर होते. त्यामुळे हे दोन ऑप्शन एकेरी अवतरणात लिहायचे. विंडोजवर बिल्ड होतंय आणि लिनक्सवर नाही, या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

-डी३ बद्दल मी आग्रही आहे. काहीच न सांगता कंपायलर -डी१ धरतो: ॲरेची हद्द तपासतो, पण ओळींची माहिती फाइलमध्ये ठेवत नाही. -डी० ने तपासणीही जाते. ‘सर्व्हर फास्ट होतो’ म्हणून -डी० लावायला सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. ५०० घरांच्या ॲरेत (क्रमांक शून्यापासून ४९९ पर्यंत) ५०० क्रमांकाच्या घरात लिहिलं, तर -डी० मध्ये शेजारचं व्हेरिएबल गुपचूप बदलतं आणि बिघाड भलतीकडेच दिसतो. -डी३ सोबत चुका लॉगमध्ये लिहिणारं क्रॅशडिटेक्ट प्लगइन असेल तर लॉगमध्ये फाइल, ओळ, फंक्शन आणि चुकलेला इंडेक्स, सगळं येतं. रात्री अकराला सर्व्हर भरलेला असताना एखादी कमांड अर्धवट थांबते, तेव्हा या माहितीची किंमत कळते. -डी३ मुळे ऑप्टिमायझेशन शून्यावर जातं हे खरं, पण आमच्या सर्व्हरवर त्याचा फरक मला कधी जाणवला नाही.

ऑप्शन लिहिण्याची पद्धत इतर कंपायलरपेक्षा वेगळी आहे. -आय (इन्क्लुड कुठे शोधायचे ते सांगणारा) आणि पुढचा पाथ यांच्यात जागा सोडायची नाही. सोडली तर तो पाथ कंपायलर सोर्स फाइलचं नाव समजतो. चिकटवून लिहा किंवा मध्ये बरोबरचं चिन्ह द्या. आउटपुटच्या -ओ चंही तसंच. अक्षर लहान की कॅपिटल हेही पाहा: लहान ओ म्हणजे आउटपुट, कॅपिटल ओ म्हणजे ऑप्टिमायझेशन. कॉन्स्टंट बाहेरून द्यायला मात्र डॅशच नाही, नुसतं नाव, बरोबर आणि किंमत. हे मला फार आवडलं. टेस्ट सर्व्हरचं बिल्ड आणि खरं बिल्ड एकाच सोर्समधून निघतं, आतमध्ये इफ-डिफाइन्ड पुरतं.

ज्यांना पॉनो सोडायचा नाही त्यांच्यासाठीही सोय आहे. कंपायलरच्याच फोल्डरमध्ये पॉन नावाची आणि सीएफजी एक्स्टेन्शनची फाइल ठेवा आणि तिच्यात हेच ऑप्शन लिहा. कंपायलर ती आपोआप वाचतो. तिथे बॅशसारखा शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) आड येत नाही, म्हणून अवतरणंही नकोत.

वॉर्निंग दाबायचीच असेल तर -डब्ल्यू आणि क्रमांक असा ऑप्शन आहे, पण तो संपूर्ण बिल्डला लागतो. मी तो जवळपास वापरत नाही. दुसऱ्याच्या जुन्या इन्क्लुडमुळे आवाज होत असेल तर त्या इन्क्लुडच्या आधी प्राग्मा वॉर्निंग पुश, मग डिसेबल, आणि नंतर पॉप. शांतता तेवढ्या ओळींपुरतीच राहते, आपल्या कोडवरची नजर ढळत नाही.

ही सोय सगळ्यांत जास्त २३९ आणि २१४ साठी लागते. ३.२ वरून आलेल्या माणसाला या दोघी पहिल्याच दिवशी घाबरवतात. २३९ सांगते की तुम्ही थेट लिहिलेली स्ट्रिंग कॉन्स्ट (फंक्शन आतून बदलणार नाही असं जाहीर केलेल्या) नसलेल्या पॅरामीटरला दिली आहे. २१४ सांगते की या ॲरेला तुम्ही बहुधा कॉन्स्ट म्हणणार होता. जुन्या मोडमध्ये स्क्रीनभर याच ओळी येतात आणि लोक ‘नवा कंपायलर खराब आहे’ म्हणत माघारी फिरतात. प्रत्यक्षात दुरुस्ती फंक्शनच्या डोक्यावर एका जागी करायची असते. मेसेज पाठवायचं एखादं फंक्शन शेकडो ठिकाणी वापरलेलं असेल, तर त्याच्या स्ट्रिंग पॅरामीटरला कॉन्स्ट लावलं की तितक्या वॉर्निंग एका फटक्यात जातात. फंक्शन खरोखरच आतून ती स्ट्रिंग बदलत असेल, तर कंपायलर कॉन्स्ट लावल्यावर एरर देतो, आणि मग ते फंक्शन नीट बघायलाच हवं.

स्टॅकबद्दल थोडं. काही सांगितलं नाही तर स्टॅक आणि हीप (स्क्रिप्ट चालताना तात्पुरती लागणारी मेमरी) मिळून ४,०९६ सेल, म्हणजे १६,३८४ बाइट मिळतात. स्ट्रिंगचं प्रत्येक अक्षर साधारणपणे एक अख्खा सेल खातं. डायलॉगसाठी फंक्शनच्या आत ४,०९६ घरांची स्ट्रिंग घेतली की सगळी जागा तिथेच संपली. कंपायलर बिल्डच्या शेवटी अंदाजे किती लागेल ते छापतो, तो आकडा वाचा. प्राग्मा डायनॅमिकने मर्यादा वाढवता येते, पण मोठी स्ट्रिंग ग्लोबल किंवा स्टॅटिक करणं बरं. एखादं फंक्शन स्वतःलाच हाक मारत असेल तर हा अंदाज काढता येत नाही. मग कॅपिटल -आर लावून रिकर्शनची साखळी कुठून कुठे जाते ते पाहता येतं.

मॅक्रो (कंपाइलच्या आधी दुसऱ्या कोडने बदलली जाणारी नावं) जास्त वापरणाऱ्यांनी -एल (लहान) लक्षात ठेवावा. तो फाइल कंपाइल न करता प्रीप्रोसेसरनंतरचा (मॅक्रो उलगडल्यानंतरचा) कोड लिहून देतो. एका मॅक्रोच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, आणि एरर दाखवते ती ओळ तर निर्दोष, असं होतं तेव्हा दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

उणिवा बऱ्याच आहेत. एररमध्ये ओळ कळते, ओळीतली जागा कळत नाही. एक कंस सुटला की खाली ०१७, ०२९, ०१० ची रांग लागते आणि खरी चूक पहिल्याच ओळीत असते. म्हणून पहिली एरर दुरुस्त करायची आणि पुन्हा चालवायचं, बाकीच्या वाचत बसायचं नाही. लिनक्सची मिळते ती फाइल ३२ बिटांची असते. ६४ बिटांच्या मशीनवर ३२ बिटांच्या लायब्ररी नसतील, तर फाइल डोळ्यांसमोर असताना ‘अशी फाइल नाही’ असं शेल म्हणतो आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. सोबतची लायब्ररी सापडावी म्हणून लायब्ररी पाथही द्यावा लागतो. जुनं कोड चालावं म्हणून दिलेला -झेड+ उपयोगी आहे, पण तो नेमकं काय काय बदलतो हे एका जागी नीट लिहिलेलं असतं तर किती लोकांचे तास वाचले असते!

कॅपिटल -ई सगळ्या वॉर्निंगना एरर करतो. आता आमच्या बिल्डमध्ये तो कायम आहे, पण जुन्या मोडवर पहिल्याच दिवशी लावू नका, काहीच बिल्ड होणार नाही आणि दोन दिवसांत कुणीतरी तो काढून टाकेल. आधी २१३ आणि २३५ एक एक करून बघा, कारण खेळाडूंच्या तक्रारींची मुळं त्यांत सापडतात. मग २१७, २२५ आणि इफच्या आत चुकून किंमत देणारी २११. त्यानंतर कॉन्स्टवाल्या दोघी. २०३ आणि २०४, म्हणजे न वापरलेली नावं आणि किमती, शेवटी काढल्या तरी चालतं. यादी रिकामी झाली की -ई लावा.

ओपन एमपीच्या नव्या इन्क्लुडवर जाणार असाल तर हे काम जाण्याआधी उरका. तिथे टॅग जास्त काटेकोर आहेत, त्यामुळे २१३ नव्याने येतात. जुन्या ढिगाऱ्यात त्या मिसळल्या तर वेगळ्या काढता येत नाहीत. फारच झाल्या तर इन्क्लुडच्या आधी नो-टॅग्ज डिफाइन करून त्या काही काळ बाजूला ठेवता येतात. आम्ही तसंच केलंय, आणि सध्या एकेक फाइल घेऊन टॅग लावणं चालू आहे.